दोन मिनिटं वीस सेकंदांचं संशोधन

दोन तास दहा मिनिटं बाकावर बसल्यानंतर आम्हा नवरा-बायकोला डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं आणि दोन मिनिटं वीस सेकंदांत आम्ही पुन्हा बाहेर होतो. हे आकडे अंदाजपंचे नाहीत. मी कारखान्याच्या कार्यमापन विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. कोणता कामगार एक बोल्ट बसवायला किती वेळ घेतो आणि न बसवायला किती वेळ घेतो, हे हातात स्टॉपवॉच धरून लिहायचं, हेच माझं काम. कामगार माझ्या पाठीमागे मला 'टिकटिक' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि तोंडावर जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विषय हिच्या चक्करेचा होता. आठ महिने झाले, हिला चक्कर येत होती. सकाळी उठली की भिंत धरायची, भाजी चिरता चिरता मधेच खाली बसायची, आणि विचारलं की "काही नाही" म्हणायची. रक्त तपासून झालं, कान तपासून झाले, मानेचे फोटो काढून झाले. प्रत्येक कागदावर सगळं ठीक असल्याचं छापून येई आणि चक्कर आपली जागच्या जागी. मला मनातून भीती वाटायला लागली होती. पण मी भीती वाटणाऱ्यांतला नाही, निष्कर्ष काढणाऱ्यांतला आहे. निष्कर्ष असा, की दोन मिनिटं वीस सेकंदांत माणसाचं दुखणं कळत नसतं. एवढ्या वेळात आमच्याकडे एक बोल्टही धड तपासून होत नसे.

"मी हे सिद्ध करणार," घरी आल्या आल्या मी जाहीर केलं.

"काय सिद्ध करणार?"

"डॉक्टर लोक पेशंटला वेळ देत नाहीत, हे. आकड्यांनिशी! मग बघतो तुझ्याकडे कसं लक्ष देत नाहीत ते."

"अहो, त्यापेक्षा मला जरा..." ही काहीतरी म्हणत होती. पण तोवर मी वहीवर रेघा मारायला बसलोसुद्धा होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर 'प्रबंध' राहतात. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नसावं. गेली एकोणीस वर्षं ते प्रबंध लिहीत आहेत. कशावर, हे विचारणारा माणूस दोन तास मोकळा होत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. मी नेमका त्यांच्याकडेच सल्ला मागायला गेलो. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

"नमुना किती?" त्यांनी विचारलं.

"कसला नमुना?"

"किती पेशंट मोजणार?"

"दिसतील तेवढे."

प्रबंधांनी डोळे मिटले. जवळचं कुणी गेल्याची बातमी कळावी तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी मला समजावलं, की तीनशेच्या खाली माणसं मोजणं हा निव्वळ चोंबडेपणा असतो आणि तीनशेच्या वर गेलं की त्याचं संशोधन होतं. शिवाय नुसता वेळ मोजून भागत नाही. पेशंटला येण्याजाण्याचा खर्च किती, त्याचं समाधान किती, डॉक्टरचं समाधान किती, हेही विचारावं लागतं. त्यासाठी त्यांनी दोन दिवसांत अठ्ठेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली करून दिली. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून पुरं झालेलं हे पहिलंच लिखाण, त्यामुळे त्यांच्या घरी त्या दिवशी आनंदीआनंद होता.

"आधी परवानगी घ्या मात्र," ते जिन्यापर्यंत सांगत आले.

हॉस्पिटलच्या कार्यालयात एक कारकून होता. त्याने माझा अर्ज लांबूनच वाचला.

"संशोधन? कोणत्या कॉलेजचं?"

"माझं स्वतःचं आहे."

"स्वतःचं संशोधन घरी करायचं असतं, काका."

मी त्याला एकतीस वर्षांचा अनुभव सांगितला. त्याने मला समिती सांगितली. पेशंटवर संशोधन करायचं तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. समितीत तीन सभासद. एक निवृत्त झाले, दुसरे नीतिमत्तेवरच भाषण द्यायला परदेशी गेले ते सहा महिने परतले नाहीत, आणि उरलेल्या एकाची बैठक भरत नाही, कारण एकट्याने बैठक भरवणं नियमात बसत नाही.

"मग मी करू काय?"

कारकुनाला माझी दया आली. तो वाकून हळूच म्हणाला, "पेशंट म्हणून बसा की! बाकावर बसायला अजून तरी परवानगी लागत नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी साडेआठला खिडकीवर जाऊन केसपेपर काढू लागलो. पहिल्या दिवशी खोकला सांगितला, दुसऱ्या दिवशी पाठ, तिसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर काजवे. नंबर आला की मी हळूच शेवटी जाऊन बसत असे. डॉक्टरीणबाईंच्या दारावर नजर, मांडीवर वही, मुठीत स्टॉपवॉच. दार उघडलं की टिक, मिटलं की टिक. सरासरी पहिल्याच दिवशी निघाली: दोन मिनिटं एकवीस सेकंद. मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये असा होता.

सहाव्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कॉम्प्युटरने म्हणे माझ्या नावापुढे लाल खूण केली होती. जो माणूस सहा दिवसांत सहा वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतो आणि एकदाही डॉक्टरांना भेटत नाही, त्याला समुपदेशनाला पाठवायचं असा नियम आहे. मी पुष्कळ विनवण्या केल्या. पण मी शहाणा आहे असं जितकं सांगावं तितकी बाईंची खात्री उलट बाजूने होत गेली.

समुपदेशक हा एक शांत, दाढीवाला गृहस्थ होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि "बोला," म्हणाला. मी एक्केचाळीस मिनिटं बोललो. त्या इमारतीत एका पेशंटला मिळालेला हा सर्वांत जास्त वेळ, आणि तो मला मिळाला होता, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. बाहेर येताना इतकं हलकं वाटत होतं, की प्रश्नावलीतल्या समाधानाच्या रकान्यात मी स्वतःलाच 'उत्तम' देऊन टाकलं.

"घरी कुणी ऐकून घेतं का तुमचं?" त्याने शेवटी विचारलं होतं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "मी बोलायला लागलो की घरात दुसरं कुणी बोलतच नाही."

त्याने हे लिहून घेतलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

इकडे बाकावर वेगळंच प्रकरण पेटत होतं. हातात घड्याळ, मांडीवर वही आणि चेहऱ्यावर कर्तव्य असलेला माणूस रोज दिसल्यावर लोकांनी मला अधिकारी ठरवून टाकलं. "साहेब, हा मधेच घुसला बघा." "साहेब, माझा नंबर कितवा?" मी दोनदा 'मी कुणी नाही' म्हणालो. तिसऱ्यांदा मात्र वहीत बघून "बावन्नावा," असं सांगून टाकलं, कारण ते मला खरोखरच माहीत होतं. नंबर पुकारणाऱ्या मावशी पहिले दोन दिवस माझ्याशी फुरंगटून वागल्या. तिसऱ्या दिवशी "तुम्ही आहातच, तर मी जरा चहा घेऊन येते," म्हणून गेल्या त्या अकरा वाजता उगवल्या. म्हणजे फुकट फौजदारी माझ्या गळ्यात पडली.

त्यातच ती प्रश्नावली. 'येथे येण्यास आपणास किती खर्च आला?' या तेविसाव्या प्रश्नावर एक शिंपी म्हणाला, "इथे काही पडत नाही हो, पण दोन दिवसांची शिलाई बुडाली आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, ते कुठल्या रकान्यात लिहू?" तसा रकाना नव्हता. एका आजीबाईंना मी विचारलं, "डॉक्टरांच्या वागण्याबद्दल आपण समाधानी, असमाधानी की अत्यंत असमाधानी?"

"आतली पोर सकाळपासून जेवलेली दिसत नाही," आजी म्हणाल्या. "ते लिही आधी."

तोही रकाना नव्हता. मी 'लागू नाही'वर खूण केली.

नवव्या दिवशी माझी सरासरी बिघडली. दोन एकवीसवरून एकदम साडेतीन, दहाव्या दिवशी चार दहा! पेशंट आत गेला की बाहेर येईना. रांग व्हरांडा ओलांडून जिन्यावर गेली. दुपारी एकला संपणारं काम साडेतीनपर्यंत लांबलं. लोक कावले, आणि कावले ते माझ्यावर. "हे साहेब आल्यापासून सगळा घोळ झालाय," असं एक पोस्टमन माझ्या देखत म्हणाला. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मला वाईट साहेब पुष्कळांनी म्हटलं होतं. पण मी साहेब नसताना म्हणणारा हा पहिलाच.

कारण संध्याकाळी कळलं. मावशींनी आत जाऊन सांगितलं होतं, की वरून माणूस आलाय आणि घड्याळ लावून बसलाय.

"अहो, उत्तम!" प्रबंध टाळी वाजवून म्हणाले. "मोजायला गेलं की मोजायची वस्तूच बदलते. यावर माझं अख्खं प्रकरण आहे."

"लिहिलेलं?"

"योजलेलं."

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. टेबलावर डबा होता, न उघडलेला. त्यांनी उभं राहून मला खुर्ची दिली आणि विचारलं, "सर, अहवाल कधी पाठवणार?"

आता मात्र मला लाज वाटली. मी सगळं खरं सांगितलं: चक्कर, दोन मिनिटं वीस सेकंद, वही, समिती. त्या रागावतील म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. त्या धपकन खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"चार दिवस झाले काका, मी पाणी पितानासुद्धा दाराकडे बघतेय," त्या म्हणाल्या. "चौऱ्याण्णव पेशंट असतात रोज. तुम्हीच भागाकार करा. एखादी बाई रडायला लागली, की मला तिच्यापेक्षा बाहेरच्या रांगेची काळजी वाटते. मग घरी जाऊन त्याचंच वाईट वाटतं."

प्रश्नावलीत डॉक्टरांसाठी सात प्रश्न होते, ते काही मी काढले नाहीत.

"पण मोजायचंच असेल तर नीट मोजा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दाराची उघडझाप मोजून काय कळणार? आत कोण किती बोलतं ते मोजा. दुसऱ्या पेशंटजवळ तुम्हाला बसवता येणार नाही. काकूंना घेऊन या. आणि त्यांच्या गोळ्याही आणा सगळ्या."

गुरुवारी जायचं ठरलं. मी नवीन पान आखलं. तीन रकाने: डॉक्टर, पेशंट आणि इतर. 'इतर' म्हणजे फोन, मावशी, दारातून डोकावणारे वगैरे. अडचण एकच होती. हिचा आजार समजावून सांगायचा म्हणजे मी कामात असणार; मग घड्याळ कुणी धरायचं? शेवटी मी ते हिच्याच हातात दिलं. बोलणारा बदलला की कळ दाबायची आणि त्या त्या रकान्यात आकडा टाकायचा. आमच्याकडे नवीन भरती झालेल्यांना हे शिकायला महिना लागे. ही पाच मिनिटांत शिकली.

"मला जमेल ना हो?" तेवढं मात्र दोनदा विचारलंन.

"मी आहे ना," मी म्हणालो.

गुरुवारी आत गेल्यावर डॉक्टरीणबाई हिच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, सांगा. कसं वाटतंय?"

"सकाळी उठलं की..." ही म्हणाली. "सकाळची जास्त असते," मी पुढे सांगायला सुरुवात केली. "म्हणजे उठल्याबरोबर. संध्याकाळी त्या मानाने कमी."

"डोकं दुखतं का, काकू?"

"डोकं नाही. हिचं डोकं पहिल्यापासून घट्ट आहे." मी जरा हसवायचाही प्रयत्न केला. पेशंटला मोकळं वाटायला पाहिजे.

"कधी पडलात वगैरे?"

"छे! पडेल कशी? मी घरातच असतो ना."

"गोळ्या वेळेवर?"

हा माझा हातखंडा विषय. गेले आठ महिने भिंतीवर मी तक्ता लावलाय. सकाळ, दुपार, रात्र. गोळी मी स्वतः हातावर ठेवतो, पाणी देतो, खूण करतो. आठ महिन्यांत एक गोळी चुकलेली नाही. हे मी सविस्तर सांगितलं. शेजारी हिचा अंगठा टक टक चालू होता, आणि मला तिचा खरोखर अभिमान वाटत होता.

"बघू वही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बेरीज केली आणि मोठ्याने वाचली. "एकूण आठ मिनिटं दहा सेकंद. डॉक्टर, एक मिनिट पन्नास. पेशंट, चार सेकंद." त्या थांबल्या. "इतर, सहा मिनिटं सोळा सेकंद."

त्यांनी पेनाचं टोक 'इतर'च्या रकान्यावर टेकवलं.

"फोन आला होता का कुणाचा?" त्यांनी हिला विचारलं.

"नाही."

"मावशी आल्या होत्या?"

"नाही."

"मोजण्यात काहीतरी..." असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि हिचा अंगठा आपसूक कळीवर गेला. मी तोंड मिटलं. वही समोर होती. आकडे सुबक, एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही माणसाने इतकी स्वच्छ नोंद करून दिलेली नव्हती, आणि ती मला कुठल्याच बाजूने चूक म्हणता येत नव्हती.

"काका," डॉक्टरीणबाई अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता?"

बाहेर आलो. घड्याळ आत, वही आत. आयुष्यात पहिल्यांदा मी एका बंद दारासमोर बसलो होतो आणि किती वेळ झाला हे मला सांगता येत नव्हतं. आतून हिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज हिचाच. थांबत, पुन्हा सुरू होत. हिला एवढं बोलायचं होतं?

"साहेब, आत कोण आहे हो?" परवाचा तो पोस्टमन कुरकुरला. "बराच वेळ झाला. एवढं काय बोलते ती बाई? लिहा की तुमच्या वहीत!"

"बोलू द्या हो तिला!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की मावशींच्या हातातला चहा सांडला.

मग मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं होती. "ही मी दिलेली, ब्लडप्रेशरची. आणि ही पांढरी, आधीच्या दवाखान्यातली. नावं दोन आहेत काका, औषध एकच आहे. रोज दुप्पट जातंय. प्रेशर नको इतकं खाली जाणार, चक्कर येणारच. ही पांढरी आजपासून बंद. आठवड्याने पुन्हा बघू, बहुतेक उतार पडेल."

"पण मी एकही गोळी चुकवली नाही!"

"हो ना," त्या हळूच म्हणाल्या. "चुकवली असतीत तर बरं झालं असतं." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी पाकिटं कधी बघायला मागितली नाहीत. तुम्ही इतकं नीट सांगायचात, मला वाटायचं सगळं कळलं. आणि काकू दोनदा पडल्यात. ते आता त्यांनाच विचारा."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो.

"पडलीस?" मी विचारलं. "कधी?"

"एकदा मोरीत. तेव्हा तुम्ही बाहेर वहीवर रेघा मारत होतात. मी हाक मारली, तुम्ही 'आलो' म्हणालात." ती पिशवीचा बंद नीट करत होती. "पण तेवढ्यात मी उठले."

"आणि दुसऱ्यांदा?"

"गेल्या मंगळवारी. स्वयंपाकघरात. तेव्हा तुम्ही इथे होतात."

मंगळवार. त्या दिवशी मी शहाऐंशी पेशंट मोजले होते आणि घरी येऊन रात्री उशिरापर्यंत हिला सरासरी समजावून सांगितली होती. ही मान हलवत ऐकत होती.

"किती वेळ पडून होतीस?"

माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. ती खरंच आठवू लागली. कपाळाला आठ्या घालून, अगदी प्रामाणिकपणे.

"ते नाही सांगता येणार हो," ती म्हणाली. "घड्याळ तुमच्याकडे होतं."

हा टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता. ती फक्त आकडा का नाही, ते सांगत होती. मी भर व्हरांड्यात, पोस्टमनच्या आणि मावशींच्या समोर, रुमालात तोंड घालून रडलो.

"सांग," थोड्या वेळाने मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग सगळं."

आणि ती सांगायला लागली. मधे दोनदा माझं तोंड आपोआप उघडलं. दोन्ही वेळा ती थांबली नाही.